घामाचं ग्रीक नाव

कारखान्याच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नोकरी केल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. नवीन माणूस भेटला की मी आधी त्याच्या हाताची बोटं मोजते. दहा भरली की मग नाव विचारते. माझ्या सुनेच्या माहेरची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या वडिलांच्या हे लक्षात आलं. त्यांनी दोन्ही पंजे पुढे करून सांगितलं, "पूर्ण आहेत, सिस्टर. मोजून घ्या."

दत्तू येळवंडेचीही दहाच्या दहा बोटं शाबूत होती. तरी तो दर दोन दिवसांनी पट्टी मारून घ्यायला यायचा. हे सगळं त्याच्याबद्दल.

पिंपरी-चिंचवडला नगरपालिका नुकतीच झाली होती, त्या सुमाराची ही हकीगत. आमचा दवाखाना म्हणजे गेटाजवळची दोन खोल्यांची बैठी इमारत. एक पलंग, एक औषधांचं कपाट, एक स्टरलायझर आणि मी, सिस्टर कांबळे. डॉक्टर मिरजकर आठवड्यातून तीन दिवस पुण्याहून स्कूटरवर यायचे. बाहेरच्यांना वाटतं, कारखान्यातली नर्स दिवसभर रक्तातच उभी असते. तसे दिवस आले, नाही असं नाही. पण रोजचं काम म्हणजे डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस काढायचा, भाजलेल्या मनगटाला मलम लावायचं आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखणाऱ्यांची रांग आवरायची. त्या रांगेत खरं डोकं कुणाचं दुखतंय आणि कुणाला फक्त फोरमनच्या नजरेआड व्हायचंय, हे ओळखण्यात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

दत्तू चाकणच्या वाटेवरच्या कुरुळीचा. वय तेवीस-चोवीस, अंगाने काटक, बोलायला कमी. रोज सायकलवरून मोशीचा पूल ओलांडून यायचा. फायनल इन्स्पेक्शनमध्ये प्रोबेशनवर होता. आमच्या कंपनीत इंजिनाच्या पिना बनत. इंजिनातला दट्ट्या आणि त्याचा दांडा यांना जोडणारी ही पिन. गॅरेजवाले तिला गजन पिन म्हणतात. बोटाएवढी लांब, आतून पोकळ, बाहेरून आरशासारखी. तिच्यावर केसाएवढा ओरखडा चालत नाही. फायनल इन्स्पेक्शनमध्ये शेवटची पिन हाताळली जाते. ती पुसायची, मापायची, उजेडात फिरवून बघायची, मग गंज धरू नये म्हणून तेलात बुडवायची आणि मेणकागदात गुंडाळायची. दत्तूचं बोट त्या कामात असं तयार होतं की डोळ्याला न दिसणारा ओरखडा त्याच्या बोटाला कळायचा. त्याच्या विभागातली माणसं हे मला कौतुकाने सांगायची.

"काय झालं?" मी विचारायची.

"कापलंय, शिस्टर."

"कुठे? दाखव."

"बारीक हाय. दिसनार न्हाई."

तीन बोटांना पट्टी. परवा पुन्हा तीन बोटांना. जखम कधी दिसलीच नाही. एके दिवशी रांगेत दहा-बारा माणसं होती, डॉक्टर आलेले नव्हते, आणि हा पुन्हा उभा. माझा पारा चढला. "येळवंडे, हा दवाखाना आहे, पट्ट्या वाटायचा मांडव नाही. काम टाळायचं असेल तर दुसरं कारण शोधून काढ. चल, नीघ." मागून कुणीतरी हसलं. दत्तूने माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकला होता, तो उचलला आणि निघून गेला. जिथे त्याचा हात होता तिथे पंजाएवढं पाणी होतं. मला वाटलं, मघाशी ग्लास सांडला असेल. मी फडक्याने पुसलं आणि पुढच्याला बोलावलं.

ते पुसलेलं पाणी मला पुढे पुष्कळ दिवस छळत राहिलं.

आठवड्याभराने इन्स्पेक्शनचे प्रमुख कर्णिकसाहेब दवाखान्यात आले. उंच, इस्त्रीचे कपडे, मोजूनमापून बोलणारा माणूस. दवाखान्याची पायरी ते सहसा चढत नसत. त्यांनी माझ्यासमोर एक पिन ठेवली.

"सिस्टर, येळवंडेच्या बोटांना तुम्ही कसलं औषध लावता?"

मी पिन उचलायला गेले तर म्हणाले, "हात लावू नका. नुसतं बघा."

आरशासारख्या त्या पोलादावर तपकिरी रंगाचं एक बोट उमटलेलं होतं. नुसता डाग नव्हे, अख्खा ठसा. बारीक रेघांची वळणं मोजता आली असती, इतका स्पष्ट. गंजाने काढलेला.

गिऱ्हाइकाने खोकी परत पाठवली होती. मेणकागद उलगडला की कितीतरी पिनांवर अशी बोटं. वरच्या साहेबांनी कर्णिकांना बोलावून विचारलं होतं, हे कुणी मुद्दाम करतंय का? त्या दिवसांत युनियनची आणि कंपनीची धुसफूस चालू होती, त्यामुळे मुद्दाम हा शब्द सगळ्यांच्या जिभेवर होता. कर्णिकांनी डोकं लढवलं. इन्स्पेक्शनमध्ये पट्ट्या बांधून कोण बसतं? येळवंडे. त्याला आयोडीन कोण लावतं? मी. म्हणजे गंजाचा धागा सरळ माझ्या कपाटापर्यंत येऊन पोचत होता.

"मी त्याला आयोडीन लावतच नाही," मी म्हणाले. "त्याला जखमच नसते."

"मग पट्टी कशाला?"

सहा महिने मी त्या माणसाच्या बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या आणि हा प्रश्न त्याला एकदाही नीट विचारला नव्हता.

आम्ही दत्तूला बोलावून घेतलं. मी म्हटलं, "पट्ट्या सोड आणि हात पुढे कर." तो आधी तयार होईना. मग त्याने एकेक पट्टी सोडली. पट्ट्या चिंब भिजलेल्या होत्या. त्याने तळहात वर केले आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यावर बारीक थेंब फुटायला लागले. माठ पाझरतो तसे. थेंब एकमेकांत मिसळले आणि मनगटाकडून एक ओघळ खाली आला. खोलीत पंखा चालू होता. बाहेर थंडीचे दिवस होते.

"आरं, हे काय?" कर्णिकसाहेबांच्या तोंडून एकदम गावचं मराठी निघालं.

"ल्हानपनापासून हाय, सायेब." दत्तू जमिनीकडे बघत बोलला. "शाळंत पाटीवरलं पुसलं जायाचं. मास्तर म्हनायचे, थुंकीनं पुसतोस. पेपरला कागद भिजून फाटायचा. तालमीत गेलो तर पोरं म्हनायची, ह्याच्याशी कुस्ती नगं, ह्यो मासळीवानी निसटतो. हितं आलो. मला कळलं हुतं, घाम लागला की पिनंला डाग पडतो. म्हनून पट्टी मारून घ्यायचो. पट्टी घाम टिपती. पर दोन घंट्यात भिजती."

"हे सांगायचं नाहीस का आम्हाला?"

"काय सांगनार? मला घाम येतो, असं? कामाच्या जागंला कुनाला घाम येत न्हाई?"

खरंच होतं. भट्टीवरची माणसं दिवसभर निथळत असायची. तिथे घाम येणं म्हणजे काम करणं. आणि हा इन्स्पेक्शनच्या गार खोलीत बसून घामाची तक्रार करणार होता! त्यावर मी त्याला दहा माणसांसमोर कामचुकार ठरवलं होतं. पिना वाचाव्यात म्हणून जो पट्टी बांधत होता, त्याला.

कर्णिकसाहेबांचा निर्णय मात्र झालेला होता. प्रोबेशनवरचा माणूस, डाग त्याचे, तेव्हा त्याला काढायचं. लेबर ऑफिसरकडे कागद जाणार होता. मी त्यांना एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टर येतात. एक दिवस थांबा." ते थांबले, हे त्यांचं मोठेपण.

डॉक्टर मिरजकर म्हणजे औषधांपेक्षा शब्दांचं वेड जास्त असलेला माणूस. त्यांनी दत्तूचे हात पाहिले, पाय पाहिले, नाडी पाहिली, वजन घटलंय का, हात थरथरतात का, हे विचारलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हायपरहिड्रोसिस. तळहातांचा. बाकी गडी ठणठणीत आहे."

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. शिकताना पुस्तकात कुठेतरी असेल, पण डोक्यात राहिलेला नव्हता. लेबर ऑफिसरच्या टेबलावर कागद पोचायच्या आत तिथे माझी चिठ्ठी पोचायला हवी होती. मी घाईघाईने इंग्रजीत लिहिलं, की येळवंडे यांना अमुक नावाचा विकार आहे, त्यांचा निष्काळजीपणा नाही. शिक्का मारला आणि शिपायाच्या हाती पाठवून दिलं. डॉक्टरांनी चहा संपवल्यावर माझ्याकडची नक्कल पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सिस्टर, तुम्ही हायड्रो लिहिलंत. मधे वाय घातलात. तिथे आय हवा."

"एका अक्षराने काय होतंय, डॉक्टर?"

"वा! एका अक्षराने पाण्याचा घाम होतो. वाय लिहिलात तर ते ग्रीक लोकांचं पाणी. आपलं उदक आहे ना, त्याच घराण्यातलं. आय लिहिलात तर हिद्रोस, म्हणजे घाम. तो आपल्या स्वेदाचा सख्खा भाऊ. स्वेद, हिद्रोस, इंग्रजांचा स्वेट, सगळे एका आईचे. लांब लांब नांदायला गेले आणि तोंडं बदलली. हायपर म्हणजे वर, जास्त. तेही आपलं उपरिच. शेवटचं ओसिस म्हणजे नुसती अवस्था. काय शिल्लक राहिलं? फाजील घामाची अवस्था. आपले वैद्य अतिस्वेद म्हणतात."

दत्तू ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी डाक्टर, ह्याला नाव हाय?"

"आहे ना! दोन नावं आहेत."

"म्हंजी आनिक कुनालाबी आसंल."

"अरे, पुष्कळांना असतं. शंभर माणसांत एखाद-दुसरा तरी सापडेल. सगळे तुझ्यासारखे हात लपवत हिंडतात, म्हणून दिसत नाहीत."

दत्तूने आपल्या तळहातांकडे असं पाहिलं, जणू कुणी ते बदलून दिलेत. इतकी वर्षं त्याच्याकडे नुसता त्रास होता. आता त्याला नाव मिळालं.

डॉक्टर आणखी रंगात आले. माझ्या हातातला थर्मामीटर घेऊन म्हणाले, "आणि आपला मराठी घाम कुठून आला, माहीत आहे? घर्मापासून. घर्म म्हणजे मुळात उष्णता, ऊन. ह्या नळीतला थर्म त्याचाच भाऊ. म्हणजे सिस्टर, तुम्ही दिवसभर लोकांच्या काखेत घाम मोजायचं यंत्र घालता."

मी हसले. पण कर्णिकसाहेबांना भाषा नको होती, पुरावा हवा होता. ते दारात उभे राहून ऐकत होते. "नाव काहीही असो, डॉक्टर. डाग त्याचेच ना?"

"घाम त्याला येतो, हे दिसलं," डॉक्टर म्हणाले. "डाग त्याचेच, हे कुठे दिसलं?"

आणि मग आमच्या दवाखान्यात जो प्रयोग झाला तो मी जन्मात विसरणार नाही. नव्याकोऱ्या पिना स्पिरिटने लख्ख पुसल्या. इन्स्पेक्शनच्या प्रत्येक माणसाने एकेक पिन हातात धरून बसायचं. नंतर पिनेच्या आत त्याच्या नावाची चिठ्ठी सरकवायची आणि चिमट्याने उचलून झाकणाच्या डब्यात ठेवायची. डब्याच्या तळाशी ओलं फडकं, म्हणजे आत दमट हवा राहील. डॉक्टर म्हणाले, "विभागातले सगळे." तेव्हा कर्णिकसाहेबांनीही एक पिन धरली. मीही धरली. डब्याला चिकटपट्टी लावून त्यावर मी सही केली, जणू काही निवडणुकीची पेटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला. सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते. मी चिमट्याने एकेक पिन काढून पांढऱ्या कापडावर ठेवत गेले. स्वच्छ. स्वच्छ. माझी स्वच्छ. दत्तूची निघाली, तिच्यावर बोटंच बोटं उमटली होती. कुणीतरी "झालं!" म्हणून सुस्कारा सोडला. पण डब्यात अजून चार पिना होत्या. त्यातली एक निघाली, तिच्यावर तीन बोटं आणि अंगठा, तपकिरी, ठसठशीत.

आतली चिठ्ठी मी ओढून काढली, वाचली आणि पुन्हा वाचली. मोठ्याने वाचायचं धाडस होईना. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. कर्णिकसाहेब म्हणाले, "वाचा, सिस्टर."

"आर. जी. कर्णिक."

साहेबांनी सगळ्यांना कामावर जायला सांगितलं. दत्तूही निघाला, तर त्याला म्हणाले, "तू थांब." मग त्यांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. ओला होता.

"माझे हात एरवी कोरडे असतात," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाची माणसं येणार असली, वरून बोलावणं आलं, की सुटतात. मग मी हातात पिन घेतो. काहीतरी हातात असलं की बरं वाटतं. खोक्यात गेलेल्या पिना काढूनकाढून पुन्हा बघतो." रुमाल पुन्हा खिशात घालत म्हणाले, "परत आलेल्यांपैकी निम्मी बोटं माझी असतील."

दत्तूने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसाच्या हातात त्याची नोकरी होती त्यालाच धीर देत म्हणाला, "आसू द्या, सायेब. ह्याला नाव हाय."

डॉक्टर खळखळून हसले. कर्णिकसाहेबही हसले, पण पुरतं नाही. दोन वर्षांपूर्वी मराठवाड्याकडच्या एका माणसाला त्यांनी इन्स्पेक्शनमधून काढलं होतं. हात घाणेरडे, पिना डागाळतात, असा शेरा मारून. त्या दिवशी त्यांनी त्याचा जुना पत्ता ऑफिसातून काढून घेतला आणि स्वतः पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. ते परत आलं. तो माणूस कोण, त्याच्या हातांना खरोखर घाम यायचा का, की त्याच्या नावावर साहेबांचीच बोटं खपली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो माझ्याकडेही कधीतरी पट्टी मागायला आला असेल का, हे मी रजिस्टरात शोधलं. नाव नव्हतं. आला असेल आणि मी हाकलून दिलं असेल, तर नाव कुठून असणार?

दत्तूची नोकरी वाचली. मी हुश्श केलं. आणि इकडे चिठ्ठीतल्या माझ्या वायने आपलं काम चालू केलं होतं.

लेबर ऑफिसरच्या टायपिस्टाने माझी चिठ्ठी वाचली. शब्द अडला. त्याच्याकडे एक जाडा कोश होता. त्यात हा शब्द काही सापडेना, पण हायड्रोपासून सुरू होणारा एक आजार सापडला, हायड्रोफोबिया. म्हणजे पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर होतो तो. त्याने ही बातमी शेजारच्याला फक्त कानात सांगितली. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये दत्तूच्या बाकावर दत्तू एकटाच होता. कुणी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवून तो दचकतो का ते पाहिलं. टूलरूममधल्या एकाने सांगितलं, कुत्रं वगैरे काही नाही, येळवंडेच्या अंगात हायड्रोजन झालाय, विडी पेटवू नका. अर्ध्या लोकांना ते पटलं.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन सगळ्यांना समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. पण आमच्या कारखान्यात चाकणकडची शंभर माणसं होती आणि शंभर सायकली संध्याकाळी त्याच रस्त्याने जात होत्या.

दोन दिवसांनी एक धोतर-कोटातले गृहस्थ गेटावरून पास घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. कुरुळीशेजारच्या निघोज्याचे बबनराव. त्यांच्या हिराशी दत्तूचं लग्न ठरलेलं. सुपारी फुटली होती. मुलगा कंपनीत आहे, पर्मनंट होतोय, ह्यावर सोयरीक झालेली.

"शिस्टरबाई, येक इचारतो. खरं सांगा. पोराला कुत्रं चावलंय का?"

"नाही हो, बबनराव."

"आसं कसं? गावात तर समदी म्हनत्यात. पानी बघून भितंय म्हनं. माझी योकुलती येक पोरगी हाय. उद्या पिसाळला तर?"

"त्याला फक्त घाम येतो. हातांना."

"घामाला कुनी इंग्रजी चिठ्ठी लिवतं व्हय? मला आडानी समजू नगा. कायतरी मोठं आसल्याबिगर येवढं मोठं नाव देत न्हाईत."

मी त्यांना चहा मागवला. कागद घेतला आणि तो शब्द देवनागरीत लिहिला. दोन जागी रेघ मारली. "हे बघा. हायपर म्हणजे जास्त. हिद्रोस म्हणजे घाम. पुढचं नुसतं शेपूट. झालं. कुत्रं ह्यात कुठेच नाही. मी घाईत एक अक्षर चुकीचं लिहिलं, त्यामुळे वाचणाऱ्याला घामाच्या जागी पाणी दिसलं, आणि पाण्यावरून तो कुत्र्यावर गेला. चूक माझी आहे. तुमच्या जावयाची नाही."

बबनरावांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "म्हंजी... लई घाम?"

"लई घाम."

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग 'लई घाम' आसंच लिवायचं की वो!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. "कशापायी ह्यो उपद्व्याप?"

हा प्रश्न मी पुढे अनेकदा स्वतःला विचारला. 'लई घाम' लिहिलं असतं तर लेबर ऑफिसरने चिठ्ठी टोपलीत टाकली असती. घाम तर सगळ्यांनाच येतो, असं दत्तूच म्हणाला होता. त्या ग्रीक नावाचा दरारा होता, म्हणून कागद थांबला आणि नोकरी राहिली. आणि त्याच दराऱ्यामुळे पोराच्या मागे कुत्रं लागलं. मोठा शब्द औषधासारखाच असतो, किती द्यायचा आणि कुणाला, हे देणाऱ्याला कळायला हवं. मला कळलं नव्हतं.

बबनराव उठेनात. "मला तुमचं पटलं. गावाला कसं पटवू? मला लिवून द्या. मराठीत. शिक्का मारून."

मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं: 'श्री. दत्तात्रय येळवंडे, राहणार कुरुळी, यांस कुत्रे चावलेले नाही. त्यांस हातांना घाम जास्त येतो. हा घाम एकाचा दुसऱ्यास होत नाही. ते संसारास योग्य आहेत.' शेवटचं वाक्य लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. डॉक्टर मिरजकरांनी मात्र त्याखाली आनंदाने सही ठोकली आणि पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होते, की त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं सर्टिफिकेट. बबनरावांनी तो कागद देवळासमोर चार माणसांत मोठ्याने वाचून घेतला, असं मला नंतर कळलं.

उपाय म्हणाल तर फार नव्हते. डॉक्टरांनी पुण्याच्या एका केमिस्टकडून लावायचं औषध बनवून घेतलं. त्याने घाम निम्म्यावर आला. दुसरा उपाय कॅन्टीनमधून आला. चहाची उकळलेली भुकटी, दूध-साखर न घालता, घमेल्यात गार करायची आणि त्यात हात बुडवून बसायचं. चहातल्या तुरट अंशाने कातडी आकसते. दत्तू आणि कर्णिकसाहेब आठवड्यातून तीनदा माझ्या खोलीत समोरासमोर बसून एका घमेल्यात हात बुडवत आणि पिनांवर गप्पा मारत. दोघांचेही हात शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचे झाले होते. खरा उपाय मात्र कर्णिकसाहेबांनी केला. त्यांनी विभागातल्या सगळ्यांना बोटांची टोकं उघडी ठेवणारे पातळ सुती हातमोजे देण्याचा नियम काढला. एकट्या दत्तूला नाही, सगळ्यांना, आणि पहिले मोजे स्वतः चढवले. तळहात झाकायचे, बोटांची टोकं पिनेला लागायच्या आधी पुसायची, दर तासाला जोडी बदलायची. डाग थांबले. गिऱ्हाइकाचं काही आलं नाही, म्हणजे ते खूश होते.

दत्तू पर्मनंट झाला. पुढे त्याच विभागात चार्जमन झाला आणि नवीन माणूस आला की आधी त्याला हातावर हात ठेवून दोन मिनिटं बसवायचा. ओले निघाले तर सरळ माझ्याकडे पाठवायचा. अशी पाच माणसं आली, वेगवेगळ्या वर्षी. पाचांपैकी एकानेही पूर्वी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पाचही जणांचं कार्ड मी भरलं, त्या शब्दातला आय ठसठशीत काढून, वर टिंब देऊन.

लग्नाचं सांगायचं राहिलं. निघोज्यात मोठा मांडव पडला होता. डॉक्टर, कर्णिकसाहेब आणि मी कंपनीच्या जीपमधून गेलो. बबनराव आम्हाला प्रत्येक पाहुण्याकडे नेऊन ओळख करून देत होते, आणि जावयाचं कौतुक करताना एक तरी वाक्य त्या नावावर खर्च करत होते. "ग्रीक हाय ते," म्हणायचे. "साधंसुधं न्हाई." आठ दिवसांपूर्वी ज्या शब्दाने त्यांची झोप उडवली होती, तो त्यांनी आता दागिन्यासारखा अंगावर घातला होता.

हातात हात द्यायची वेळ आली तेव्हा मी पुढेच बसले होते. दत्तूचा चेहरा पडला. औषध लावून आला असणार, पण त्या गर्दीत औषध कितीसं पुरणार? त्याने हात पुढे केला तो असा, की कुणीतरी परत कर म्हणेल. भटजी मंत्र म्हणत होते. हिराने मान खाली घातलेली. तिने हात दिला आणि दत्तूच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली, एवढंच मला दिसलं.

आमची जेवणं झाली, नवरा-नवरी अजून जेवायची होती; मी तिला भेटायला आत गेले. शेतात राबलेली पोर, डोळे तरतरीत. माझ्या पाया पडली. मी भीतभीत विचारलं, "हिरा, त्याच्या हाताचं तुला सांगितलं होतं ना?"

"व्हय. कागुद मीच वाचून दावला आबास्नी." मग ती हळूच म्हणाली, "शिस्टर, ते हात सोडवून घ्यायला बघत व्हते. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. माझ्या हाताला कांद्याच्या लागणीनं भेगा पडल्यात. मला वाटत व्हतं, ह्यांना टोचत्याल."

तिने उजवा हात उघडून दाखवला. भेगा होत्या, खोल आणि जुन्या. सकाळी दोघांना भरभरून हळद लावलेली. दत्तूने हात पुढे केला तेव्हा त्याच्यावरची घामाने गेलेली मी पाहिली होती; तिचा डावा तळहात अजून पिवळाजर्द होता. उजव्याची हळद मात्र पार धुऊन गेली होती. दारातून मांडवात पाहिलं तर दत्तू कर्णिकसाहेबांना जिलबीचा आग्रह करत उभा होता. ताट डाव्या हातात, आणि उजवा हात बोटांच्या टोकांपर्यंत हळदीने पिवळा.